मधली चावडी

नुंगंबाक्कम, चेन्नई
३ सप्टेंबर २०२४

श्रीनिधी,

नमस्कार, कशी आहेस वगैरे मी लिहिणार नाही. तू कशी आहेस ते तुझ्या अम्मांकडून कळतं, आणि मी कशी आहे हे तू विचारलेलं नाहीस. फोनवर तू मला बंद केलंस, व्हॉट्सॲपवर बंद केलंस, ऑफिसच्या मेलला उत्तर देत नाहीस. राहिला कागद. डब्लिनचा पत्ता अम्मांनी दिला, त्यांच्यावर रागावू नकोस. मराठीत लिहितेय, कारण आपण भांडलो ते इंग्रजीत. शिवाय देवनागरी वाचताना तुझे ओठ हलतात आणि वेग निम्मा होतो, हे मला ठाऊक आहे. निदान तेवढा वेळ तरी तुला माझं ऐकावं लागेल.

तर बातमी अशी, की तू जिंकलीस. दोन वर्षांपूर्वी तू जे म्हणत होतीस तेच आता आमचे नवे साहेब दिनकरसर म्हणतायत. मोडा, तुकडे करा, मायक्रोसर्व्हिसेस करा. ओरगडमच्या ट्रक कारखान्याने नवा सल्लागार नेमला, त्याने दोन तास पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले आणि आमचे साहेब भारावून गेले. आता हे करायचं कुणी? भर मीटिंगमध्ये तुझ्याविरुद्ध मत दिलं ती मी, मीच. बस डब्लिनला हसत.

हसून झालं की पुढचं वाच. ऑक्टोबरअखेर मला लेखी द्यायचंय, आहे ती रचना ठेवायची की मोडायची. मला ठरवता आलं नाही, किंवा ठरवलेलं फसलं, तर सगळं काम पुण्याच्या ऑफिसकडे जाणार आणि नुंगंबाक्कमचं आपलं ऑफिस बंद होणार. साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं. नऊ माणसं आहोत आम्ही इथे. पुण्याला बदली देऊ म्हणाले, पण राघोत्तमसारखा माणूस, ज्याला माम्बलमपलीकडे घर घेतलं तरी परदेशी गेल्यासारखं वाटतं, तो पुण्याला जाऊन काय करणार?

साहेब नवे. त्यांना आपली रचना मी पहिल्यापासून समजावली. कारखाना रोज मागणी पाठवतो. सुटे भाग बनवणारे माल लॉरीत चढवतात, बिल करतात, गेटवर पास दाखवतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या चार मोठ्या सर्व्हिसेस आहेत: मागणी, माल, बिल आणि गेट. पहिल्या दोन माझ्या, नंतरच्या दोन तुझ्या. त्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत. जे काय सांगायचं ते मधल्या थराला. तो निरोप घेतो, तपासतो, लागला तर बदलतो आणि पुढे देतो. त्याला मी चावडी म्हटलं, तू म्हणालीस हा शब्द तमिळमध्येही आहे, आणि मग सगळ्या कागदांवर चावडीच झालं.

चावडी बसली की सगळंच बसतं, असं तू म्हणायचीस. खरं आहे. गेल्या महिन्यात भर दुपारी बसली, आणि बिलं काय, गेट काय, सगळंच ठप्प. पण तीस तुकडे केले तर ते नऊ माणसांनी सांभाळायचे कसे, असं मी म्हणायचे. तेही खरंच आहे. दोघी बरोबर असलो तर मी लिहून काय देऊ?

तुझ्या दोन सर्व्हिसेस मला नीट वाचता येत नाहीत. कुठे कापलं तर चालेल, कुठे कापलं तर रक्त येईल, ते तुला माहीत. चार ओळी लिही. मला तुझी मैत्री नको आहे, माहिती हवी आहे.

शैला

२१ सप्टेंबर

श्रीनिधी,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, असं मी स्वतःला समजावलंय.

आज तिरुवल्लिक्केणीला अम्मांकडे गेले होते. दार उघडताच म्हणाल्या, "ये ग. कोठे गेली होतीस इतके दिवस? बैस, काफी टाकते." आणि मग बैस म्हणून स्वतः उभ्याच राहिल्या. काफी तशीच, तोंड भाजेल इतकी गरम. मी तुझ्याबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, पण पेला रिकामा व्हायच्या आत विचारलंच. त्या म्हणाल्या, "ती तुझें नांव घेत नाही. पण प्रत्येक आदित्यवारी विचारते, ऑफीस आहे की नाही म्हणून. मज काय कळते ऑफीसचे? मी सांगते, आहे, शैला येते की." एवढं सांगून त्यांनी माझ्या डब्यात हरभऱ्याचं सुंडल भरलं. तुमच्या घरात, राघोत्तमकडेही, तंजावरी मराठी बोलतात ती ऐकली की मला इचलकरंजीच्या आमच्या वाण्याच्या जुन्या पाट्या आठवतात. तू या वाक्यावर चिडशील, म्हणूनच लिहिलं.

आता ऑफिसचं. साहेबांना चाचणी हवी होती, म्हणून सल्लागाराच्या चौकोनांप्रमाणे आम्ही मागणी आणि बिल यांचे तुकडे पाडले. बावीस झाले. माणसं नऊ, सर्व्हिसेस बावीस. प्रत्येकीला मालक हवा म्हणून वाटप केलं. राघोत्तमच्या वाट्याला सात आल्या. तो यादी बघून म्हणाला, "शैला अक्का, मज दोन पोरे आहेत, त्यांची नांवे मी एकमेकांत मिसळतो. ह्या सात कशा सांभाळू?" काल सकाळी एकीत बदल केला तर चौघी रुसल्या. कोण कुणाला विचारते आणि कोण कुणावर अवलंबून आहे, याचं चित्र भिंतीवर लावलंय. ते पाहून साफसफाईला येणाऱ्या बाईंनी ही जाळी काढू का, असं विचारलं.

याच कारणासाठी त्या मीटिंगमध्ये मी नाही म्हटलं होतं. कारखान्याच्या माणसाने मला विचारलं, मी मत दिलं. मी पाठीत सुरी खुपसली, असं तू नंतर राघोत्तमला म्हणालीस. अग, तुझे ते तीस चौकोन मी त्याच दिवशी, त्यांच्याचबरोबर, पहिल्यांदा पाहिले. तू महिनाभर शेजारच्या खुर्चीवर बसून ते आखत होतीस आणि मला दाखवले नाहीस. मला का दाखवले नाहीस, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. माहिती नको असं वाटलं तर निदान हे तरी लिही.

मग आठ महिने आपण एका खोलीत बसून बोललो नाही. "राघोत्तम, तिला सांग बिलाचा साचा बदलतोय." "राघोत्तम, तिला सांग मला कळलं." तो बिचारा दोन खुर्च्यांच्या मध्ये वळत राहायचा, आणि आपण तिघं मिळून हात-दीड हाताच्या अंतरावर होतो. मग एका सोमवारी तुझी खुर्ची रिकामी. मला निरोपसुद्धा राघोत्तमनेच दिला.

शैला

१० ऑक्टोबर

श्रीनिधी,

तुझं उत्तर नाही. बरं.

उद्या आयुधपूजा. राघोत्तमने सर्व्हरला चंदन-कुंकू लावायला वाटी आणून ठेवलीय, दारात फोडायला कोहळा आलाय, पोरीची, म्हणजे आमच्या चुरमुऱ्यांची, पिशवी माझ्या टेबलाखाली आहे आणि अर्धं ऑफिस येता-जाता त्यात हात घालतंय. आमच्याकडे ही खंडेनवमी. आजोबा मागाला फुलं वाहायचे आणि त्या दिवशी माग वाजायचा नाही. इथेही कारखाने उद्या बंद, एकही लॉरी हलणार नाही. म्हणूनच साहेबांनी खऱ्या चाचणीसाठी उद्याचा दिवस धरला. सगळं थांबलेलं असताना जुनं काढायचं, नवं बसवायचं, आणि परवा विजयादशमीला सकाळी नव्या बावीस सर्व्हिसेसवर ओरगडम सुरू. सल्लागारांना हे फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

तुझ्याशिवाय होतंय हे तुला कळावं म्हणून लिहितेय. चावडी मी स्वतः साफ केली. काय काय भरून ठेवलं होतं तिच्यात! निरोप पोचवायला ठेवलेला तो मधला थर, त्यात ढीगभर नियम. अर्धे कुणी का लिहिले ते सांगता येत नाही, कारण शेजारी एक शब्द लिहिलेला नाही. एक तुझा, अगदी खास: बिलावर नगांची संख्या एक असेल तर ते बिल पुढे पाठवू नये, त्याच मागणीचं दुसरं बिल येईपर्यंत थांबवावं, मग दोन्ही जोडून द्यावीत. का? एक नग कोण पाठवतं? चारशे ब्रॅकेट मागितले तर कोण एक पाठवील? मी तो काढून टाकला. सगळं हलकं झाल्यासारखं वाटलं.

राघोत्तम म्हणाला, "श्रीनिधी अक्काने लिहिले तर काहीतरी असेल. राहू दे की." मी म्हटलं, असेल तर तिने सांगायचं होतं.

शैला

१२ ऑक्टोबर, विजयादशमी

श्रीनिधी,

ओरगडमच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितेय. हात काळे आहेत. कागदावरचे डाग चहाचे आणि माझे.

सकाळी चांगल्या मुहूर्तावर सगळ्या पुरवठादारांनी कामाला सुरुवात केली. यंत्रं एकेक फेरा फिरली, प्रत्येकाने पहिला एक नग काढला, कुंकू लावलं, आणि त्या एका नगाचं बिल केलं. शकुनाचं बिल. मग लॉऱ्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि खरा माल भरायला घेतला.

आपल्या नव्या सर्व्हिसने काय केलं, ते तुला सांगायला नको. एका मागणीला एकच बिल, हा कारखान्याचा नियम. पहिलं बिल आलं, मागणी पूर्ण झाली, मागणी बंद. मग खऱ्या मालाचं बिल आलं तर ते परत. मागणीच नाही, मग पास कसला? लॉरी गेटबाहेर. तिच्यामागे दुसरी, आणि तिच्यामागे महामार्गापर्यंत रांग. आतमध्ये असेंब्ली लाइनवर माणसं हात बांधून उभी. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे आज सकाळी प्रत्येक भागाचा बरोबर एक नग पोचला होता आणि सगळं सुरळीत होतं.

मी कारने आले. पहिल्या लॉरीच्या ड्रायव्हरने मागचं दार उघडून दाखवलं. सगळ्यात पुढे एक ब्रॅकेट, त्याला कुंकू आणि झेंडूचं फूल. ते पाहिलं आणि मला कुणी काही सांगावं लागलं नाही. आजोबा दसऱ्याला सकाळी माग सुरू करून वीतभर कापड विणायचे, ते देवापुढे ठेवायचे, आणि मग दिवसाचं काम. वीतभर कापड म्हणजे दिवसाचं काम नव्हे, हे मला सहाव्या वर्षी कळत होतं. बेचाळिसाव्या वर्षी मी तो नियम काढून टाकला.

तिथूनच राघोत्तमला फोन केला, जुनी चावडी परत बसवायला सांगितली. त्याने मला काही न सुनावता बसवली. माझ्यावर उपकार केले. दुपारनंतर लॉऱ्या आत जायला लागल्या. साहेब फोनवर जे बोलले ते लिहीत नाही.

आता तुझ्याकडे येते. एका मागणीला एकच बिल, हा नियम माझ्या सर्व्हिसमध्ये आला ते आपण बोलत नव्हतो त्या वर्षी. म्हणजे त्या दसऱ्याला तू हे होताना पाहिलंस. शकुनाची बिलं आली, माझी मागणी धडाधड बंद व्हायला लागली, आणि तू बसल्या जागी चावडीत तो नियम घातलास, माझी लाज राखलीस आणि मला कळूही दिलं नाहीस. मी तुझ्याकडे पाठ करून दीड हातावर बसले होते. वळून म्हणायचं होतंस, "शैला, तुझं चुकतंय." चिडले असते, भांडले असते, पण कळलं तर असतं! मला वाचवायचं आणि सांगायचं नाही, हा कसला राग आहे तुझा? मला आज तुझा इतका संताप आलाय की टपरीवाल्याने न मागता दुसरा चहा दिला.

शैला

१७ ऑक्टोबर

श्रीनिधी,

दोन दिवस शहर पाण्यात. वेळच्चेरीच्या पुलावर लोकांनी गाड्या नेऊन उभ्या केल्यात. ऑफिस घरूनच. राघोत्तम काल आमच्याकडे आला, कारण त्याच्या गल्लीत वीज नाही, आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून चावडी पहिल्या नियमापासून वाचली. या वेळी काढायला नाही, समजून घ्यायला.

मी माल ग्रॅममध्ये मोजायला लागले, आठवतं? कारखान्याच्या नव्या साच्यात तसं होतं. तुझं बिल किलोत. विचारायला तोंड उघडायचं कुणी? तर तू चावडीत नियम घातलास: शैलाकडून ग्रॅम येतात, त्यांचे किलो करा. मला ते कळलं नाही. मला परत किलो यायला लागले, तर मी नियम घातला: तिकडून किलो येतात, त्यांचे ग्रॅम करा. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझा आणखी एक. एका ब्रॅकेटचं वजन आपल्या चावडीत तीनदा बदलतं आणि शेवटी पहिल्या बदलाने जिथे पोचलं होतं तिथेच येतं. पुरवठादारांच्या नावांचं तेच. तारखांचं तेच. तू दिवस आधी लिहायचीस, मी वर्ष. जवळजवळ सगळा ढीग त्या आठ महिन्यांतला आहे. त्याआधीची चावडी एवढीशी होती ग. निरोप घ्यायची आणि द्यायची. आपण दोघींनी तिला फुगवलं, आणि मग राघोत्तमकरवी तू म्हणत राहिलीस ती जड झाली म्हणून मोडा, आणि मी त्याच्याचकरवी कळवत राहिले इतकं सगळं तिच्यात आहे तर मोडायची कशी.

राघोत्तम वाचता वाचता थांबला. मला वाटलं दमला. म्हणाला, "अक्का, मज एक सांगा. मी तुम्हां दोघींचे निरोप नेत होतो. मग हे काय, मी पुरलो नाही म्हणून मशीनलाही लावले?" मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, ह्या दोघी बोलल्या तर माझे अर्धे काम जाईल, आणि मज ते काम गेलेलेच पाहिजे." मग त्याने काफी मागितली. मला तुमच्यासारखी जमत नाही, पण त्याने पूर्ण प्यायली.

मला रडू आलं, श्रीनिधी. हे लिहायला लाज वाटत नाही. दोन वर्षं मी ऑफिसमध्ये, घरी, झोपेतसुद्धा हाच वाद घालतेय की मोठ्या सर्व्हिसेस बऱ्या की लहान. त्यावर व्याख्यानं ऐकली, पुस्तकं घेतली, सल्लागाराशी भांडले. आणि हे काय निघालं? आपण कितीही तुकडे केले असते तरी प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये हेच भांडण बसलं असतं. बावीस ठिकाणी ग्रॅमचे किलो.

शैला

३० ऑक्टोबर

श्रीनिधी,

उद्या दिवाळी, आणि आज मीटिंग होती. साहेब, सल्लागार आणि कारखान्याचे लोक. माझ्या हातात एकच पान.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे शैला, जुनंच ठेवायचं म्हणताय?"

"नाही."

"मग नवं?"

"तेही नाही."

"अहो, तुम्हाला ठरवायला सांगितलं होतं. दोनच तर पर्याय होते."

मी सांगितलं ते असं. गेट पूर्ण वेगळं काढायचं. त्याचं आपलं आपण चालेल असं, म्हणजे बाकी सगळं बसलं तरी दारातली लॉरी आत जाईल. हे तुझं, आणि यात तू पहिल्यापासून बरोबर होतीस. तुझं नाव घेऊन सांगितलं. मागणी, माल आणि बिल मोठ्याच ठेवायच्या, कारण आमच्याकडे माणसं नऊ आहेत आणि राघोत्तम एक आहे. हे माझं. चावडी ठेवायची, पण तिने फक्त निरोप न्यायचा. बदलायचा नाही, पारखायचा नाही, थांबवायचा नाही. वजन कशात मोजायचं ते दोन्हीकडच्या माणसांनी समोरासमोर बसून ठरवायचं आणि दोन्हीकडे तेच लिहायचं. शकुनाच्या बिलाचा नियम बिलाच्या सर्व्हिसमध्ये जाईल, आणि त्याच्या शेजारी मराठीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेलं असेल की हा का आहे.

सल्लागारांनी विचारलं, "या रचनेला नाव काय?" मी म्हटलं, नाव नाही. त्यांना ते लागलं. म्हणाले, नाव नसलेली गोष्ट मी माझ्या अहवालात घालू कशी? साहेब कपाळ चोळत बसले. मला वाटलं, गेलं ऑफिस. शेवटी कारखान्याच्या माणसाने, दसऱ्याला जो गेटवर माझ्यासमोर ओरडला होता त्याने, एवढंच विचारलं, "पुढच्या दसऱ्याला लॉऱ्या आत येतील का?" मी म्हटलं, येतील. तो म्हणाला, मग पोंगलपर्यंत गेट वेगळं करून दाखवा. ते दाखवलं तर काम इथेच राहील, नाहीतर पुणे.

बाहेर पडताना साहेबांनी पान परत दिलं. गेटच्या रकान्यात मालकाचं नाव मी रिकामं सोडलं होतं. म्हणाले, "इथे कुणाचं तरी नाव हवं. ज्यांनी लिहिलं त्या आता नाहीत ना?"

मी म्हटलं, विचारते.

तर विचारतेय. नोकरीवर परत ये असं म्हणत नाही. तू तिथे सुखात असशील, नसलीस तरी मला सांगणार नाहीस. पण गेट तू बांधलंस आणि ते मला एकटीला वाचता येत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मैत्री नको, माहिती हवी. ते खोटं होतं. मला माहिती हवी आहे, हे खरं. पण त्याहून जास्त मला तू हवी आहेस, शेजारच्या खुर्चीवर, शिव्या देत. इतकं सरळ मी दोन वर्षांत काही बोललेले नाही. चावडीत घालून पाठवत नाही, म्हणून असं उघडं वाटतंय.

अम्मांकडे दिवाळीचं तेल-न्हाणं आटोपून जाईन.

शैला

२३ नोव्हेंबर

श्रीनिधी,

तुझं पाकीट काल आलं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे राघोत्तमच्या हातात आधी पडणार, हे तुला माहीतच होतं. त्याने ते दोन्ही हातांनी आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि जागचा हलला नाही.

आत एक कागद, त्यावर एक ओळ, आणि ती तमिळ अक्षरांत. मराठीच, पण तमिळ अक्षरांत, अम्मा वाण्याची यादी लिहितात तशी. इथे बारा वर्षं राहून मला बसच्या पाट्या वाचता येतात, त्याही बस निघून जायच्या आत येतीलच असं नाही. तुला हे चांगलं ठाऊक आहे. मी तुला देवनागरी वाचायला लावलं, त्याची तू फेड केलीस.

राघोत्तमने हात पुढे केला. "द्या अक्का, मी वाचतो."

मी दिला नाही. त्याला म्हटलं, तू आता हिचं मला आणि माझं हिला काही सांगायचं नाहीस, ते काम गेलं तुझं. तो निघून गेला. जाताना दार हळूच लावून घेतलं.

मी तो कागद घरी आणला. अक्षरांचा तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर लावलं. तुमच्यात क आणि ग एकच, त्यामुळे बराच वेळ मी 'किराम' म्हणजे कोण हेच शोधत होते, तो ग्रॅम निघाला. भात करपला. मग अख्खी ओळ लागली, शेवटचं सरि म्हणजे तुमचं तमिळ 'बरोबर':

"ग्रामची चूक तुझी होती शैला, किलोच सरि."

एवढंच. दोन वर्षांनी, सहा पत्रांनंतर, समुद्रापलीकडून. माफी नाही, राग गेला असं नाही, येते नाही, येत नाही असंही नाही. पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं. आणखी काही नव्हतं. आधी मी भयंकर चिडले. मग टेबलावर डोकं ठेवून हसले. मग करपलेल्या भातावर ताक घालून खाल्लं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. आता अडखळायला होत नाही.

आज सकाळी ग्रॅम काढले. मालाची सर्व्हिस किलोत आहे. चावडीतले ते तीनही नियम गेले आणि काही पडलं नाही. गेटच्या रकान्यात सध्या माझं नाव लिहिलंय, पेन्सिलीने.

राघोत्तमला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आला आणि म्हणाला, "अक्का, एकच ओळ होती की आत, मी पाकिटावरूनच पाहिले. मग हे झाले का? संपले म्हणावे का?"

मी म्हटलं, संपलं कसं? एक नग आलाय, कुंकू लावलेला. खरा माल मागून येतो. मागणी मी बंद केलेली नाही.

शैला